दहापैकी दहा

त्यांना कुणीही, कधीही विचारा, "काय साहेब, कसं काय?" उत्तर ठरलेलं असायचं. "मजेत." सर्दीने नाक लाल झालेलं असो, घरातला नळ सकाळपासून कोरडा असो, की वडील हॉस्पिटलात असोत, साहेब आपले मजेत. सत्तावीस वर्षं एकाच कंपनीत, एकाच विभागात हे उत्तर देऊन देऊन त्यांचं नावच मजेतसाहेब पडलं होतं. आधी सगळे पाठीमागे म्हणत. मग एकदा गेटवरच्या वॉचमनने चुकून तोंडावर म्हटलं, साहेबांनी सहज ओ दिली, आणि नाव कायमचं चिकटलं.

कुणाला वाटेल, माणूस ढोंगी असणार. तसं मुळीच नव्हतं. बहुतेक वेळा ते खरोखरच मजेत असत. घरापासून कारखाना वीस मिनिटं चालत, ते चालणं त्यांना आवडे. अकरा वाजताचा दुसरा चहा आवडे. रविवारी दुपारी आठवड्याचे पाच शर्ट ओळीने इस्त्री करून हँगरला लावणं तर फारच आवडे. आपल्याला मिळालंय ते आपल्या लायकीपेक्षा थोडं जास्तच आहे असं मनापासून मानणारी माणसं जगात कमी, आणि खरं सांगायचं तर जरा चीड आणणारी. त्रेपन्नाव्या वर्षीही साहेब तसेच होते. उरलेल्या थोड्या वेळी, जेव्हा ते मजेत नसत, तेव्हा काय म्हणायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून तेव्हाही ते तेच म्हणत.

कंपनी हॉस्पिटलच्या कॉट बनवायची. डोक्याकडची बाजू वर होते, पायाकडची खाली जाते, बाजूचे कठडे चढवता-उतरवता येतात, त्या कॉट. साहेबांचा विभाग सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा. चाक अडकलं, हँडल तुटलं, कठडा बसेना, की हॉस्पिटलवाले इथे फोन करत. फोन घेणारी अकरा माणसं होती, आणि त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर एक लांबलचक लाकडी बोर्ड होता, त्यावर दोनशे चाळीस खिळे.

या बोर्डाचा कायदा कडक होता. ज्याने फोन उचलला त्याने कार्ड लिहायचं. कुठलं हॉस्पिटल, कुठला वॉर्ड, कुठली कॉट, काय बिघडलं, काय पाठवलं. कार्ड आपल्या खिळ्यावर लावायचं. भाग रवाना झाला म्हणून ते उतरवायचं नाही, पोचला म्हणूनही नाही. पेशंट त्या कॉटवर झोपला आणि सगळं नीट आहे, असं तिथल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मगच कार्ड खिळ्यावरून निघून खणात जायचं. एकेकाचं कार्ड दोन-दोन महिने लटकत राही आणि येता-जाता त्याला टोमणे ऐकावे लागत. पण कॉट चालायची.

हा कायदा ताईंनी घालून दिलेला. ताई साहेबांच्या दोन वर्षं आधी लागलेल्या. साहेब नवखे असताना कठड्याची उजवी बाजू कुठली हे त्यांना ताईंनीच दाखवलं होतं. पुढे ते साहेब झाले, ताई ताईच राहिल्या. हुद्दा काहीही असो, बोर्डावरच्या कुठल्याही कार्डाबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या उठत कमी, पण बसल्या जागेवरून चष्म्याच्या वरून बघितलं तरी पुरत असे.

तर अशा या सुखी संसारात परदेशातल्या एका मोठ्या कंपनीने कारखाना विकत घेतला. तीही कॉटच बनवायची, फक्त चौपट. वरचे लोक त्याला विलीनीकरण म्हणत, खालचे लोक नवं सासर. पहिल्या आठवड्यात फुलं आली, टोप्या आल्या, नव्या नावाचे कप आले. दुसऱ्या आठवड्यात नवं सॉफ्टवेअर आलं. आणि त्याच्याबरोबर आल्या घड्याळबाई.

दोन्ही कंपन्यांचं काम एकत्र आणायची जबाबदारी या बाईंवर होती. त्या समुद्रापलीकडे बसत आणि स्क्रीनवर दिसत. मीटिंग दहाची असेल तर नऊ एकोणसाठला स्क्रीन काळा, आणि दहाला बाई हजर, केस नीट, हातात पेन. म्हणून घड्याळबाई. बाई वाईट नव्हत्या, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. त्यांना आणि इथल्या माणसांना, दोघांनाही परक्या असलेल्या तिसऱ्या भाषेत त्या शब्द निवडून, सावकाश बोलत. याआधी अशा दोन घडामोडींत त्यांनी चांगली चांगली माणसं आतल्या आत झिजताना पाहिली होती, आणि या वेळी ते होऊ द्यायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. म्हणून त्यांनी तो शुक्रवारचा फॉर्म काढला.

फॉर्म सहा प्रश्नांचा. कामाचा ताण झेपला का? पुढे काय होणार हे स्पष्ट आहे का? आपलं म्हणणं कुणी ऐकतं असं वाटतं का? झोप नीट लागते का? नव्या पद्धतीशी जमतंय का? एकंदरीत कसं वाटतंय? प्रत्येकाला एक ते दहा गुण द्यायचे. फॉर्म शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना, आणि कुणी काय भरलं हे कुणालाही दिसणार नाही, बाईंना दिसणार ती फक्त विभागाची सरासरी.

साहेबांनी पहिल्या शुक्रवारी सहा वेळा दहा टाकले आणि चहाला गेले. पूर्ण फॉर्मला अर्धं मिनिट लागलं. लांबच्या माणसाने आपुलकीने विचारलं, कसं आहे, तर त्याला काय आपलं गाऱ्हाणं ऐकवत बसायचं? आणि आपण कमी दिले तर विभागावर बालंट यायचं, अकरा माणसांच्या मागे चौकशा लागायच्या. त्यापेक्षा दहा बरे.

प्रत्यक्षात काय चाललं होतं? नव्या सॉफ्टवेअरात बोर्ड नव्हता. फोन आला की तो ज्याचा हात मोकळा त्याच्याकडे जाई, भाग रवाना झाला की तक्रार आपोआप बंद होई. ते वेगवान होतं, यात वाद नाही. दोन्ही देशांच्या गोदामांत कुठला भाग कुठे पडलाय हे ते एका सेकंदात सांगे, आणि हे पाहून साहेबांना पहिल्या दिवशी लहान मुलासारखा आनंद झाला होता. पण त्याला जुन्या कॉट ठाऊक नव्हत्या. वीस-वीस वर्षं वापरात असलेल्या, तीनदा दुरुस्त झालेल्या, कुठे पाय वाढवलेल्या, कुठे कठडा बदललेल्या कॉट. त्यांची कुंडली फक्त खणातल्या कार्डांवर होती. अशी बावीसशे कार्डं सॉफ्टवेअरात उतरवायची होती. त्यासाठी बावीस आठवडे ठरले होते. तोवर बोर्ड आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवायचं, मग बोर्ड भिंतीवरून उतरवायचा.

दोन्ही चालवायचं म्हणजे दुप्पट काम. माणसं तासभर आधी येऊ लागली. डबा खाता खाता कार्डं उतरवू लागली. साहेब सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवून, "होतंय, छान होतंय," म्हणत फिरत, आणि दिवसातून एकदा, साधारण साडेतीनला, कागदांच्या स्टोअरमध्ये जाऊन दार लोटून एका खोक्यावर दहा मिनिटं बसत. तिथे ते काहीच करत नसत. रडत नसत, फोन बघत नसत. ज्या कामात आपण डोळे मिटून चालायचो तिथे आता रोज ठेच लागते, ज्यांना काल आलेल्या पोरांनी शिकवावं असे आपण झालो, याची त्यांना लाज वाटे. आणि आपली माणसं आपल्या भरवशावर दमतायत, याची त्याहून जास्त लाज वाटे. दहा मिनिटं झाली की एक कागदाचा गठ्ठा उचलून, जणू तोच आणायला गेलो होतो असा चेहरा करून ते बाहेर येत. त्यांच्या टेबलाखाली असे चाळीस गठ्ठे जमले होते.

नवव्या आठवड्यात कठड्याची भानगड झाली. एका हॉस्पिटलच्या म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डातून कठड्याची मागणी आली. सॉफ्टवेअरने नंबर जुळवला, भाग शोधला, पॅकिंगला पाठवला. ताई त्या वेळी जुना खण उपसत होत्या म्हणून त्याच कॉटचं कार्ड त्यांच्या हातात आलं. त्या कॉटची गादी अकरा वर्षांपूर्वी जाड बसवलेली. नवा कठडा तिथे दोन बोटं बुटका पडला असता. ताई दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून पॅकिंगपर्यंत गेल्या आणि खोकं गाडीतून परत काढायला लावलं. दोन बोटं म्हणजे काय, हे त्यांना कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. झोपेत कुशीवर वळणारा म्हातारा माणूस डोळ्यासमोर आणला की पुरे.

त्या शुक्रवारी साहेबांनी फॉर्म उघडला, क्षणभर थांबले, आणि सहा वेळा दहा टाकले.

पुढच्या सोमवारी दहाच्या ठोक्याला घड्याळबाई स्क्रीनवर आल्या त्या हसतच. "तुमच्यासाठी आनंदाची बातमी आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही देशांत मिळून एकोणीस विभाग आहेत. त्यात तुमचा विभाग नऊ आठवडे सलग पहिला आहे. सरासरी दहा. मी माझ्या आयुष्यात असं पाहिलेलं नाही."

साहेब म्हणाले, "आभारी आहे."

"मग मी विचार केला, ज्यांना इतकं छान जमलंय त्यांना जुन्या बोर्डात कशाला अडकवून ठेवायचं? बोर्ड आपण येत्या एक तारखेलाच उतरवू. आणि या शुक्रवारी व्यवस्थापकांच्या मीटिंगमध्ये तुम्ही पंधरा मिनिटं बोला. हे तुम्ही कसं साधलंत ते बाकीच्या अठरा जणांना कळू दे."

एक तारीख तीन आठवड्यांवर होती. नऊशे कार्डं उतरवून झाली होती, तेराशे बाकी होती. त्यांना अजून तेरा आठवडे लागणार होते. हे सगळं साहेबांच्या जिभेच्या टोकावर आलं आणि तिथून खाली उतरलं. "ठीक आहे," ते म्हणाले, आणि स्क्रीन काळा झाल्यावर थेट स्टोअरमध्ये जाऊन बसले. अजून साडेदहाही वाजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला त्यांनी बायकोला विचारलं, "मी कसा आहे?"

बायको शाळेत गणित शिकवायची. पावावर लोणी लावता लावता ती म्हणाली, "किती पैकी?"

"दहापैकी."

"चार," ती म्हणाली. "साडेतीन म्हणणार होते, पण काल तुम्ही जेवलात."

साहेब चाटच पडले. आपल्या चेहऱ्यावर काही दिसत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? दोन महिने झाले, इस्त्री केलेले शर्ट पुन्हा इस्त्री करताय. गॅलरी दिवसातून दोनदा झाडता. परवा मी विचारलं कसं चाललंय, तर मजेत म्हणालात आणि मीठ चहात टाकलंत." तिने लोण्याची सुरी खाली ठेवली. "मी वाट बघत होते, कधी बोलताय. तुम्ही बोलणार नाही म्हटल्यावर मी मनातल्या मनात गुण देत बसले."

मग साहेब बोलले. बोर्ड, बावीसशे कार्डं, दोन बोटं बुटका कठडा, नऊ आठवड्यांचे दहा, शुक्रवारचं भाषण. बोलायला सुरुवात केली तेव्हा लोणी घट्ट होतं, संपलं तेव्हा ते पार वितळलं होतं आणि बायकोची शाळेची बस चुकली होती.

"मग सांगून टाका ना त्या बाईंना," ती म्हणाली.

"माझं ठीक आहे गं. मी खोटा ठरेन. पण माझ्या अकरा माणसांनीही दहाच दिलेत. ती सगळी खोटी ठरतील. आणि मला हेच कळत नाही, की इतका ताण असताना त्यांनी दहा का दिले? त्यांना खरंच इतकं छान वाटतंय का? मग त्रास एकट्या मलाच होतोय का?"

"हे मला काय विचारता?" बायको बॅग उचलत म्हणाली. "त्यांना विचारा."

विचारायचं हे साहेबांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांच्या विभागात कुणी कुणाला असं समोरासमोर विचारत नसे. ज्याला त्रास असेल त्याच्या टेबलावर कुणीतरी गुपचूप चहा आणून ठेवी, बस्स. बुधवारपर्यंत साहेबांनी टाळलं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अकरा जणांना बोर्डासमोर बोलावलं आणि घसा खाकरून म्हणाले, "मला एक विचारायचंय. शुक्रवारच्या फॉर्ममध्ये तुम्ही सगळे दहा का देता?"

कुणी नखं बघितली, कुणी डबा बंद केला. शेवटी फोनवर सगळ्यात गोड बोलणारी जी होती, तिने ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "दहा नाही देणार तर किती देणार, साहेब? तुमचे गुण आहेत ते."

"माझे?"

"तुमचेच ना. साहेबाबद्दल हाताखालच्या लोकांना काय वाटतं, ते विचारतायत ते. नव्या सासरी साहेब ठेवायचा की नाही हे त्यावर ठरणार. तिकडेही दुरुस्तीचा एक साहेब आहे. एका म्यानात दोघं किती दिवस राहणार? आम्ही पहिल्याच दिवशी बसून ठरवलं, काही झालं तरी दहाच्या खाली यायचं नाही."

"पण त्यात झोप लागते का असं विचारलंय, ताई. माझ्या गुणांचा झोपेशी काय संबंध?"

"साहेबाने छळलं तर झोप उडेल ना माणसाची," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्हाला वाटलं, आडून विचारतायत."

साहेब खुर्चीत बसले. नऊ आठवडे आपण यांना सांभाळायला दहा देत होतो आणि ही माणसं आपल्याला सांभाळायला. त्यांना हसू आलं, हसता हसता रडूही आलं, आणि या वेळी स्टोअर बरंच लांब होतं. त्यांनी रुमाल काढला आणि सगळ्यांच्या देखत डोळे पुसले. "मला झोप लागत नाही," ते म्हणाले. "दोन महिने झाले."

"मला पण नाही," गोड बोलणारी म्हणाली.

"माझं डोकं रोज दुखतं."

"मला नव्या सॉफ्टवेअरची स्वप्नं पडतात. त्यातही मी चुकीचं बटण दाबतो."

मग जे सुरू झालं ते सुट्टी संपली तरी थांबेना. फोन वाजत राहिले. एवढी गाऱ्हाणी ऐकूनही त्या दुपारी विभागात सगळ्यांची चाल हलकी झाली होती, आणि खोटं कशाला, थोडा चहाटळपणाही वाढला होता.

शुक्रवारी चार वाजता स्क्रीनवर एकोणीस चौकोन उजळले. मजेतसाहेबांनी निळा शर्ट घातला होता, त्याला तीनदा इस्त्री झाली होती. घड्याळबाईंनी ओळख करून दिली, दोन वाक्यांत कौतुक केलं, आणि म्हणाल्या, "बोला."

साहेबांनी कागदावर लिहून आणलं होतं. तो त्यांनी घडी घालून बाजूला ठेवला. "हे आम्ही कसं साधलं, ते सांगायला मला बोलावलंय," ते म्हणाले. "आम्ही साधलेलं नाही. माझे दहा खोटे आहेत. मी ते सौजन्य म्हणून दिले. माझ्या माणसांनी माझ्या काळजीपोटी दिले. तेराशे कार्डं अजून बाकी आहेत. बोर्ड एक तारखेला उतरवला तर कुठल्यातरी वॉर्डात एखादा माणूस कॉटवरून पडेल. मागच्या आठवड्यात तो पडणारच होता." आणि त्यांनी बोर्डाचा कायदा आणि कठड्याची गोष्ट सांगितली, दोन बोटं कॅमेऱ्यासमोर धरून.

बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

मग खालच्या कोपऱ्यातल्या चौकोनातला माणूस हलला. हा पलीकडचा दुरुस्तीचा साहेब. त्याच्या मेल नेहमी एका ओळीच्या, कोरड्या ठणठणीत, म्हणून विभागात त्याला एकओळ्या म्हणत. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत तो म्हणाला, "म्हणजे तुमचं झालेलं नाही?"

"नाही."

"खरंच तेराशे बाकी?"

"खरंच."

एकओळ्याने मोठा श्वास सोडला. "माझ्या कपाटात एकतीस वह्या आहेत," तो म्हणाला. "आमच्या जुन्या कॉट त्यांच्यात आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत. मी वेळ मागितला की मला सांगतात, समुद्रापलीकडे एक माणूस आहे, त्याला हेच काम आहे, आणि त्याचा विभाग दर शुक्रवारी दहा देतो. नऊ आठवडे हे ऐकतोय. मी तुम्हाला ओळखत नाही, पण रोज सकाळी दात घासताना मी तुम्हाला शिव्या घातल्या आहेत. माझ्या माणसांनीही घातल्या. एकीने तर नोकरी सोडली."

हे मात्र साहेबांच्या मनातही आलं नव्हतं. आपल्या चांगुलपणाचा चाबूक होऊन तो तिकडे कुणाच्या तरी पाठीवर पडत होता. "मला माफ करा," ते म्हणाले.

"केलं," एकओळ्या म्हणाला. मग त्याने विचारलं, "ती कार्डांची पद्धत मला दाखवाल का कधी? पेशंट झोपेपर्यंत कार्ड ठेवायचं, ती?"

घड्याळबाईंचा चेहरा लाल झाला होता. "तुमचे आकडे मीच वर पाठवत होते," त्या म्हणाल्या. "इतरांना नमुना म्हणून. ते आता मला परत घ्यावे लागतील, आणि का घेतले ते तुम्हाला आणि मला दोघांनाही लिहून द्यावं लागेल." मग त्यांनी पेन पुन्हा उचललं. "कठड्याचं मला त्याच दिवशी का नाही कळवलंत?"

"कारण ते आम्ही निस्तरलं होतं."

"जे तुम्ही निस्तरता तेच तर मला कधी कळत नाही," बाई म्हणाल्या. "बोर्ड ठरल्या दिवसापर्यंत राहील. वह्यासुद्धा. पुढे कोण बोलणार आहे?" मग एकेक चौकोन बोलायला लागला. मीटिंग तासाची होती, ती अडीच तास चालली, आणि घड्याळबाईंनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी फॉर्म भरायला साहेबांना पाऊण तास लागला. झोपेच्या प्रश्नाशी ते फार अडले, कारण गेल्या चार दिवसांत ते चक्क घोरले होते, असं बायकोचं म्हणणं. सोमवारी निकाल आला. विभाग एकोणीसपैकी सतरावा. सरासरी साडेपाच. अकरा जणांनी पहिला नंबर आल्यासारखे पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. एकओळ्याची मेल आली, चांगली दोन पानांची, तिच्यात वह्यांचे फोटो आणि चोवीस प्रश्न. साहेब दिवसभर त्याचीच उत्तरं लिहीत बसले. फार दिवसांनी कामात जीव रमला होता. आपण सतरावे आहोत आणि आपल्याला बरं वाटतंय, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

दुपारी ताई आल्या. आल्या, पण बसल्या नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"साहेब, शेवटच्या प्रश्नाला मी तीन दिले."

"बरं केलंत," साहेब हसून म्हणाले. "कशाबद्दल?"

"मला जायचंय." ताईंनी ते फार साधेपणाने म्हटलं. "माझं राजीनाम्याचं पत्र गेल्या वर्षापासून पर्समध्ये आहे. बहिणीकडे जाणार आहे, तिच्या घरामागे रोपांची मोठी बाग आहे, तिथे बसून मला नुसती रोपं बघायची आहेत. देणारच होते, तेवढ्यात ही विक्रीची बातमी आली. म्हटलं, या गोंधळात तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ? म्हणून राहिले. आता तुम्हीच खरं बोलायला सुरुवात केलीत, म्हणून बोलते. अकरा आठवड्यांत कार्डं संपतील. ती संपली की मला सोडा."

सत्तावीस वर्षांत त्यांनी ही खोली ताईंशिवाय एकदाही पाहिली नव्हती. रजेवर असल्या तरी त्यांची शाल खुर्चीवर असायची. खरं बोलायची सुरुवात आपणच केली, आणि पहिलंच खरं हे निघालं.

"मला फार वाईट वाटतंय, ताई," ते म्हणाले.

"वाटणारच."

"तुम्ही नसलात तर मला इथे यावंसं वाटणार नाही."

"चार दिवस वाटणार नाही. मग फोन वाजेल, तुम्ही उचलाल." ताई आता बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. "मलाही वाईट वाटतंय. मी रात्रभर वाईट वाटून घेतलं. तरी जायचंच आहे."

"मग नक्की जा," साहेब म्हणाले, आणि म्हणताना त्यांना जाणवलं, की आपल्याला ते मनापासून वाटतंय, वाईट वाटणं तसंच असतानाही वाटतंय.

उरलेली कार्डं अकराशेच्या आसपास होती. ताई म्हणाल्या, सोपी मागे ठेवू, अवघड आधी घेऊ, म्हणजे मी इथे आहे तोवर विचारून घेता येतील. साहेबांनी आपली खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी नेली. ताईंनी कीबोर्ड पुढे घेतला, साहेबांनी खणातलं पहिलं कार्ड उचललं. अक्षर बारीक होतं, शाई उडालेली होती, आणि त्यात साहेबांचे डोळे भरलेले, त्यामुळे वॉर्डाचा नंबर दोन की सात तेच त्यांना लागेना.

ताईंनी कीबोर्डवरची बोटं तशीच ठेवली. "सावकाश वाचा," त्या म्हणाल्या. "मी आहे."